दहावं नख

"पाणी उकळलं का बघ. उकळी आली म्हणून लगेच काढू नकोस, जरा राहू दे."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. दुधाच्या लहान पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि तळाशी नेलकटर, स्टीलची कानस आणि नखाच्या मुळाशी असलेली कातडी मागे सारायची चपटी सळई एकमेकांवर आपटत होत्या.

"आई, नखं रंगवायची आहेत. ऑपरेशन नाही करायचं," मी तिथूनच ओरडले.

"कातडीला हत्यार लागणार ना? मग झालं तर."

रविवार होता. चर्चहून येऊन आमची जेवणं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला पुण्याला परत जायचं होतं. मंगळवारी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची तपासणी होती, अजून कपाटंच्या कपाटं लावायची राहिली होती आणि माझं सगळं डोकं तिकडे होतं.

आईला त्या दुपारी मला काहीतरी सांगायचं होतं आणि मला ते काम लवकर उरकायचं होतं. आता हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आई एका जागी बसत नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पांढरा धुतलेला नॅपकिन अंथरला, मग उठून गॅस बंद आहे का ते पाहून आली. बसली, परत उठली, दाराची कडी पाहून आली. मग आतल्या खोलीतून हाक मारली, "कृपे, कपाटाची किल्ली मी हल्ली पितळी डब्यात ठेवते बरं का. फोटोमागे नाही."

"बरं. तू ये आधी."

"डाव्या हाताच्या डब्यात."

"आई, ये ना!"

मिरजेत मार्था सिस्टर म्हटलं की आमच्या भागात पुढचं काही सांगावं लागत नसे. सगळी नोकरी तिनं एकाच दवाखान्यात काढली. तिचा हात हलका, असं सगळे म्हणत. भाजी घेताना एखादा ओळख नसलेला माणूस थांबायचा, दंड पुढे करून सांगायचा, "इथं टोचलं होतं सिस्टरांनी. कळलंसुद्धा नाही." आई हसायची आणि भेंडी मोडून बघत राहायची. दिसायला मात्र ते हात असे होते: साबणानं आणि स्पिरिटनं पेरं चिरलेली, नखं मांसापर्यंत कापलेली. वॉर्डात नख वाढवायचं नाही, रंग लावायचा नाही, अंगठी घालायची नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी शनिवारी संध्याकाळी ती नखं कापायला बसायची. या खेपेला मात्र मी आले तेव्हा नखं वाढलेली होती. फार नाही, बोटाच्या टोकाबाहेर जेमतेम डोकावत होती.

जेल पॉलिशचं ते किट तिनंच मला पुण्यात मागवायला लावलं होतं. "तुमच्याकडं लवकर येतं. येताना घेऊन ये. आणि विसरू नकोस, तू विसरतेस." फोनवर तिनं नवशिक्यांसाठीचे सगळे व्हिडिओ बघून ठेवले होते. मी म्हटलं होतं, साधं पॉलिश लाव की, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाली, "साधं दोन दिवसांत उडतं. हे पंधरा दिवस हलत नाही म्हणे."

"पंधरा दिवस कुठे मिरवायचंय?"

"आहे एक ठिकाण."

शेजारच्या लग्नाबिग्नाला जायचं असेल असं समजून मी पुढे विचारलं नाही.

शेवटी ती खिडकीशी बसली. उजेड हवा, असं तिचं म्हणणं. नखं कानसून सारखी केली. मग वरची चकाकी जाईपर्यंत मऊ घासणीनं हळूच घासली, म्हणजे पॉलिश धरून राहतं. धूळ पुसायला किटमध्ये ओल्या कागदाच्या पुड्या होत्या. आईनं त्या बाजूला सारल्या आणि कपाटातून स्वतःची स्पिरिटची बाटली आणली. झाकण उघडताच खोलीत माझ्या लहानपणाचा वास पसरला. रात्रपाळीहून येऊन ती माझी वेणी घालायची तो वास.

"रंग कुठला?" मी सहा चिमुकल्या बाटल्या ओळीनं मांडल्या. "हा बघ, छान आहे. अंगाच्या रंगाचा. उठून दिसत नाही."

"कातडीचा रंग लावायला कातडी काय कमी आहे? तो दे. डाळिंबी."

"एवढा गडद?"

"आयुष्यात एकदा लावायचा तर गुळमुळीत कशाला?"

आधी पारदर्शक थर. तो लावून दिव्याखाली धरायचा, मग रंग. मी ब्रश बाटलीत बुडवला आणि उचलला तर ब्रशच्या टोकाला गोळा झालेला. पुसला, पुन्हा बुडवला. पुन्हा गोळा. मी वैतागले. आईनं डब्यातला बारीक अक्षरांचा कागद उचलून चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"उन्हापासून लांब ठेवा. इथं लिहिलंय. हे उन्हानंच घट्ट होतं. औषधाबरोबरचा कागद आधी वाचायचा असतो, ग्रंथपालबाई."

"खिडकीत कोणी बसवलं?"

"मी पेशंट आहे. पेशंटचं काय ऐकायचं?"

आम्ही पडदा ओढला, टेबल भिंतीकडे सरकवलं. ते सरकवताना ती मध्येच थांबली, टेबलाच्या कडेवर हात टेकून उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. चप्पल अडकली."

दिवा तळहातात मावेल एवढा होता, दोन पायांवर उभा राहणारा, छोट्या पुलासारखा. खाली हात ठेवला की निळा-जांभळा उजेड पडायचा आणि मिनिटभरानं आपोआप विझायचा. पहिल्यांदा लावला तेव्हा आई त्याच्याकडे बघतच राहिली.

"कावीळ झालेल्या बाळांना ठेवायचो ना आम्ही, अगदी तसला उजेड. डोळ्यांवर पट्टी बांधून उघडी निजवायची. तूही होतीस दोन दिवस."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? पट्टी होती ना डोळ्यांवर."

डावा हात आधी घेतला. अंगठा झाला. पुढच्या बोटाकडे ब्रश नेला तर तिनं ते बोट आत मुडपून घेतलं.

"हे राहू दे."

"म्हणजे?"

"हे नको. बाकीची कर."

"का पण?"

"सगळं पुरं केलं की दृष्ट लागते."

मला हसूच आलं. "तू? आणि दृष्ट? शालन आत्या शेजारणीकडून लिंबू-मिरच्या घेऊन आली, दाराला बांधायला, तेव्हा तू त्या कोशिंबिरीत घातल्यास."

"ताज्या होत्या. म्हातारपणी माणूस बदलतो."

"बरं दिसणार नाही, आई. नऊ रंगवलेली आणि एक तसंच. बघणाऱ्याला वाटेल पॉलिश संपलं."

"हात माझे आहेत ना? मला चालतंय."

एक बोट कमी, तेवढाच वेळ वाचला, असं माझ्या मनात आलं. मी पुढच्या बोटाला ब्रश लावला.

हात दिव्याखाली गेला की तिला हलता येत नव्हतं. तेवढ्या मिनिटात ती डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं टेकवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. मला वाटलं, हात हलू नये म्हणून धरलाय.

रंगाचा पहिला थर मी घाईत जाड लावला. दिव्याखालून अंगठा बाहेर आला तो पापडासारखा सुरकुतलेला.

"मलम थापतेस की काय?" आई म्हणाली. "पातळ लाव. दोनदा लाव, पण पातळ."

मी तो थर कानसून काढला, पुन्हा लावला. दिव्याखाली ती एकदम "आई गं" म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

"चटका बसला?"

"बसतो जरासा. जाड झालं की बसतो, त्या बाई सांगत होत्या व्हिडिओत." हात तिनं काढला नाही. उजेड अजून सुरू होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्याची गाडी चुकवलीस तर?"

"कशाला?"

"सहज. सोमवारचा दिवस राहिलीस तर."

"आई, मंगळवारी तपासणी आहे. मी शुक्रवारपासून सांगतेय."

"हो, सांगितलंस तू."

"काही काम होतं का?"

दिवा विझला. तिनं हात बाहेर काढून उजेडात उलटसुलट केला.

"अंगठा बघ, आता कसा सरळ बसलाय," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारायला हवं होतं की नको, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या वेळी मी उजवा हात ओढून घेतला. शेवटचा चमकदार थर लावताना तिनं मला दोनदा थांबवलं. "टोकावरून फिरव ब्रश. नखाच्या वरून नाही, अगदी टोकावरून. कड बंद केली नाही तर तिथूनच उचकटतं." शेवटी चिकटपणा राहतो तो तिनं स्वतः स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. इंजेक्शनआधी दंड पुसावा तसा, एकदाच, एकाच दिशेनं.

मग दोन्ही हात नॅपकिनवर शेजारी शेजारी ठेवले.

"कसे दिसतात?"

"उजव्या करंगळीला कडेच्या कातडीवर गेलंय थोडं."

"ते मला दिसतंय. कसे दिसतात विचारलं मी."

माझा फोन वाजला. ग्रंथालयातून होता, दोन जुन्या हजेरीपटांचा पत्ता लागत नव्हता. मी बोलत बोलत अंगणात गेले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. आत आले तेव्हा आईनं बाटल्या खोक्यात भरून ठेवल्या होत्या, वर्तमानपत्राची घडी केली होती आणि खिडकीचा पडदा उघडून, हात लांब करून, ती उन्हात स्वतःची नखं बघत होती. मी आल्याचं तिला कळलं नाही. तिचा चेहरा मी तसा फार कमी वेळा पाहिला होता. दवाखान्यातून येऊन चहाचा पहिला घोट घ्यायची तेव्हा कधीतरी.

रात्री तिनं मला भांड्याला हात लावू दिला नाही. "टिकतं म्हणतात ना? बघू तरी." आणि राखेनं सगळी भांडी घासली.

सकाळी मी बॅगेची चेन ओढत होते तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली. ती स्टुलावर बसली होती. गॅसवर चहा उतू जात होता आणि ती तो बघत होती, उठून बंद करत नव्हती. कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"गॅस बंद कर. रिक्षा बघ. पळू नकोस, पण बघ." आवाज वॉर्डातला होता. "आणि कपाटाखाली निळी पिशवी आहे, ती घे."

निळी पिशवी भरलेली होती. गाऊन, टॉवेल, कंगवा, पाण्याची बाटली, स्टीलचा पेला. हे तिनं कधी भरलं, असा प्रश्न मनात आला आणि रिक्षाच्या धक्क्यात गेला. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. एकदा म्हणाली, "तुझी गाडी," आणि मी म्हटलं, "गप्प बस."

दवाखाना तिचाच. दारातला माणूस "सिस्टर!" म्हणून स्ट्रेचर घेऊन धावला. आत तातडीच्या विभागात सुजाता सिस्टर होत्या. त्या आईच्या हाताखाली शिकलेल्या, आता स्वतः तिथल्या प्रमुख. कोणीतरी मास्क लावला, कोणी दंडाला पट्टा गुंडाळला. एकीनं आईचा उजवा हात धरून बोटाला ती चिमटी लावली, रक्तातला प्राणवायू मोजणारी. पडद्यावर आकडा आला, गेला, रेघा आल्या. तिनं बोट बदललं. पुन्हा रेघा.

"नेलपॉलिश आहे हो," ती म्हणाली. "जेल दिसतंय. निघायचं नाही."

तेव्हा आईनं चादरीखालून डावा हात बाहेर काढला. सावकाश, कोपर पलंगावर टेकवून वर उचलला आणि अंगठ्याशेजारचं ते कोरं बोट पुढे केलं. जसं ती मला लहानपणी म्हणायची, बोट धर.

सुजाता सिस्टरांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग आईकडे.

"सिस्टर!" त्या म्हणाल्या. रागावल्यासारख्या म्हणाल्या. आणि चिमटी स्वतः लावली.

मास्कच्या वरचे आईचे डोळे हसले. मी पलंगाच्या पायाशी उभी होते.

मला बाहेर काढलं. व्हरांड्यात बाकावर बसवत नव्हतं, मी त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत होते. थोड्या वेळानं सुजाता सिस्टर बाहेर आल्या. माझा दंड धरून त्यांनी मला थांबवलं.

"तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"काय?"

"बुधवारी आल्या होत्या इथं. छातीत भरून येतंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, आत्ताच दाखल व्हा. तर म्हणाल्या, मुलगी येतेय शुक्रवारी, दोन दिवस राहणार आहे, ते दोन दिवस मला द्या. सोमवारी सकाळी मी स्वतः चालत येते." त्यांनी माझा दंड सोडला. "आम्ही सगळ्यांनी सांगितलं, ताई. पण त्यांना कोण सांगणार? आम्हाला सगळं त्यांनीच शिकवलेलं."

"आणि बोट?"

"तेही त्यांनीच शिकवलेलं. पेशंटची नखं रंगवलेली असली आणि बाई काढू देत नसली, तर भांडत बसू नका, म्हणायच्या. एक बोट साफ करून घ्या. एक पुरतं." त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच मोडलं. "बुधवारी जाताना मला म्हणाल्या, सुजाता, या वेळी मी पेशंट आहे, नियम मोडून येणार. मला तेव्हा कळलं नव्हतं कुठला नियम."

मला मनगटावरची ती तीन बोटं आठवली. घड्याळाकडे लागलेली नजर. हात हलू नये म्हणून ती धरत नव्हती. नाडी मोजत होती.

आई दुपारी गेली. मला आत बोलावलं होतं तेव्हा ती झोपेत होती. ती गेली तरी हात अजून उबदार होता आणि चिमटी त्या बोटाला तशीच होती. ती कोणी काढायची हे मला समजेना. शेवटी सुजाता सिस्टरांनी काढली, आणि बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. एकदाच, एकाच दिशेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत शवपेटी होती. दहा वाजता चर्चमध्ये न्यायचं होतं. शालन आत्या पहाटेच आली होती. बाबांची धाकटी बहीण ती, पुढच्याच गल्लीत राहायची. आईशी तिचं रोज भांडण व्हायचं आणि रोज संध्याकाळी चहा आमच्याकडेच. आईला पांढरी साडी तिनंच नेसवली, केस विंचरले. मग हात छातीवर जुळवताना थबकली.

"हे काय गं? कृपे, हे काय?"

"नखं."

"ते दिसतंय मला. असली लालभडक? वहिनीच्या? सगळी मंडळी दर्शनाला येणार, पाळकसाहेब येणार. काढ बाई ते. रिमूव्हर आहे माझ्याकडे."

"त्यानं निघत नाही, आत्या."

"निघत नाही म्हणजे? कापूस दे इकडे." तिनं पर्समधून स्वतःची बाटली काढली आणि आईच्या उजव्या अंगठ्यावर घासायला लागली. घासत राहिली. कापूस पांढराच्या पांढरा. डाळिंबी रंग उलट जास्तच चमकायला लागला. आत्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं होतं. "काय लावलंय तरी काय हे? जहाजाचा रंग लावलाय?"

"तिनंच मागवलं होतं. पंधरा दिवस टिकेल असं हवं होतं."

"पंधरा दिवस!" आत्या म्हणाली आणि तिचा हात थांबला. मग साडीच्या पदरानं नाक पुसून म्हणाली, "मग फुलं ठेवू वरती. झाकून टाकू."

"नको."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला उलट उत्तर मी कधी दिलं नव्हतं. मग ती पुन्हा हातांकडे वळली आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

"आणि हे एक का राहिलंय? बघ, हे. अर्धवट काम. तुझ्या आईनं जन्मात काही अर्धवट ठेवलं नाही, आणि तू तिचं बोट तसंच ठेवलंस?"

"तिनंच ठेवायला सांगितलं."

"कशाला?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, चिमटीचं, बुधवारचं, निळ्या पिशवीचं. आत्या पेटीच्या कडेला धरून खाली बसली. बाहेर अंगणात खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता.

"मला म्हणाली होती, दृष्ट लागू नये म्हणून," मी म्हटलं.

"वहिनी? दृष्ट?" आत्या म्हणाली. "माझ्या लिंबाची कोशिंबीर केली होती तिनं."

आणि आम्ही दोघी हसलो. पेटीच्या शेजारी, तोंडावर हात दाबून. हसता हसता आत्याचा आवाज बदलला.

"मग आता?" तिनं विचारलं. "आता ते बोट कोणाला लागणार आहे?"

मी आत गेले. खोकं आईनं ठेवलं होतं तिथेच, तिच्या पलंगाशेजारी होतं. वर स्पिरिटची बाटली. मी सगळं घेऊन आले आणि खिडकीचा पडदा ओढला.

"पडदा कशाला?"

"उन्हानं ब्रशवर गोळा होतो."

बोट थंड होतं आणि वळत नव्हतं. मी पेटीपाशी गुडघ्यांवर बसले. कानस हलकीच फिरवली, घासणीनं चकाकी काढली, स्पिरिटचा बोळा एकदाच ओढला. पारदर्शक थर लावला. हात दिव्याखाली नेता येत नव्हता, तेव्हा दिवाच हातावर धरायला हवा होता.

"आत्या, हा धरतेस?"

"मी? मला नाही येत असलं."

"नुसता धरायचा. बोटाच्या वर. मिनिटानं आपोआप विझतो."

आत्या माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी दिवा धरला. निळा-जांभळा उजेड आईच्या बोटावर, पांढऱ्या साडीवर, आत्याच्या बांगड्यांवर पडला. ती श्वास रोखून बसली होती. विझल्यावर म्हणाली, "झालं?"

"अजून तीनदा."

"हळू लाव. घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मला कुठे जायचं नव्हतं. रंगाचा पहिला थर इतका पातळ लावला की खालचं नख दिसत होतं. दिवा. दुसरा थर. दिवा. दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं, आत्यानं न बघताच "थांबा जरा, काम चाललंय," म्हटलं आणि ते माणूस मागे सरलं.

शेवटचा चमकदार थर लावला. मग ब्रश आडवा धरून नखाच्या अगदी टोकावरून फिरवला. कड बंद केली.

"हे कशाला?" आत्यानं विचारलं.

"इथूनच उचकटतं नाहीतर."

दिवा विझला. मी बोळ्यानं चिकटपणा पुसला. आत्यानं दिवा मांडीवर ठेवला, आईचे दोन्ही हात पुन्हा छातीवर जुळवले, बोटं एकासारखी एक केली आणि उठून पडदा उघडला. उन्हाचा पट्टा सरळ पेटीवर आला.

उजव्या करंगळीच्या कडेला रंग कातडीवर गेलेला तसाच होता.

बाहेरून पाळकसाहेबांचा आवाज आला. आत्या दाराकडे गेली. मी गुडघ्यांवरच होते. हात नॅपकिनवर ठेवून तिनं मला दोनदा विचारलं होतं आणि मी तिला कडेचं सांगितलं होतं.

"छान दिसतात, आई," मी म्हणाले. आवाज मोठा झाला, दारातली माणसं वळून बघायला लागली. "सगळे. फार छान दिसतात गं तुझे हात."